फिर्यादीलाच दंड!

मोताळ्याहून बुलढाण्याकडे राजूर घाट चढताना एखादी बारा-पंधरा वर्षांची डिझेल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये काळ्या धुराचा लोट सोडते, तेव्हा मागून येणारा प्रत्येक जण तिच्या मालकाच्या नावाने बोटे मोडतो. घाटमाथ्यावर पोलीस तिलाच अडवतात आणि दंडाची पावती तिच्याच मालकाच्या हातात पडते. गाडीत बसलेले कुटुंब मात्र शेगावच्या दर्शनाहून परतत असते, किंवा आजारी म्हाताऱ्याला दवाखान्यात नेत असते. गाडी ऑइल खाते, पिकअप घेत नाही, चढावर मिसिंग करते, डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा विझत नाही, हे त्या मालकाला सगळ्यांच्या आधी ठाऊक असते. त्याने ते गॅरेजवाल्याला सांगितलेले असते, डीलरला सांगितलेले असते, शोरूममधल्या मॅनेजरलाही सांगितलेले असते. ते कोणीही लिहून घेतलेले नसते.

आमचा आजचा आक्षेप नेमका यावर आहे. जुन्या गाडीच्या धुराबद्दल या देशात एकाच माणसाला जाब विचारला जातो, आणि तो म्हणजे पदरचे पैसे मोजून ती गाडी घेणारा माणूस. गाडी बनवणारा, ती चाचणीत पास करणारा, तिच्या टाकीत कोणते इंधन जाईल ते ठरवणारा, यांपैकी कोणालाही घाटात उभे केले जात नाही. तक्रार घेऊन आलेल्यालाच दंड करणारी ही व्यवस्था अन्यायाची आहे आणि ती बदललीच पाहिजे.

आधी इतिहास पाहू, कारण हा अन्याय गाडी जुनी झाल्यावर सुरू झालेला नाही. तो ती नवी असतानाच सुरू झाला होता. १ एप्रिल २०१० रोजी देशातल्या तेरा शहरांत भारत स्टेज चार हे धुराचे कडक मानक लागू झाले. त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती. बुलढाणा नव्हते. आपल्या वाट्याला भारत स्टेज तीन आले आणि ते १ एप्रिल २०१७ पर्यंत, म्हणजे जवळपास सात वर्षे टिकले. त्या काळात पुण्यात विकता न येणारी गाडी चिखलीत, मेहकरात, खामगावात विकायला कायद्याची पूर्ण मुभा होती. पुण्याच्या पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांमागे ५० होती, आपल्याकडे ती ३५० होती. धुराचे कण मोताळ्यातल्या लेकराच्या छातीत पुण्यातल्या लेकराच्या छातीइतकेच खोल जातात. तरीही कायद्याने या दोन लेकरांसाठी दोन वेगळी मापे ठरवली होती.

या सात वर्षांचा शेवटही ध्यानात ठेवावा असा आहे. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून भारत स्टेज तीनच्या गाड्यांची विक्री बंद केली. तेव्हा कंपन्यांकडे आणि वितरकांकडे मिळून अशी सुमारे सव्वाआठ लाख वाहने पडून होती. शेवटच्या दोन-तीन दिवसांत सवलतींचा पाऊस पाडून त्यांतली बरीचशी खपवली गेली आणि ग्राहकांनी रांगा लावून ती घेतली. उद्यापासून विकायला बंदी असलेला माल आज स्वस्तात गळ्यात मारला गेला, तोही कायद्याच्या चौकटीत राहून. ती वाहने आज अनेकांच्या दारात उभी आहेत, धूर सोडत आहेत, आणि दंड मालक भरत आहेत.

आता कंपन्यांकडे वळू. शेव्हर्ले टवेरा या गाडीची आमच्या वाचकांना नव्याने ओळख करून द्यायची गरज नाही. लग्नाचे वऱ्हाड, शाळेची मुले, पंढरीची वारी, बाजारहाट हे सगळे तिने वाहिले आहे. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने २००५ ते २०१३ या काळात बनलेल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. धुराच्या चाचणीत आपल्याच कर्मचाऱ्यांनी गैरप्रकार केल्याचे कंपनीने स्वतः सरकारला कळवले. तपासणीसाठी जाणाऱ्या गाड्यांत कमी धूर सोडणारी निवडक इंजिने बसवली जात होती. म्हणजे सरकारी तपासनीसासमोर एक इंजिन आणि गिऱ्हाइकाच्या बॉनेटखाली दुसरेच, असा हा व्यवहार होता. त्या आठ वर्षांत किती टवेरामालकांनी धुराची तक्रार केली असेल आणि किती जणांना ‘डिझेल भेसळीचे भरता’, ‘ऑइल वेळेवर बदलत नाही’, ‘गाडी ओव्हरलोड करता’ अशी उत्तरे मिळाली असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. मालक खरे बोलत होता आणि प्रमाणपत्र खोटे होते. हे कळायला आठ वर्षे लागली, आणि कळले तेही कंपनीने कबूल केले म्हणून.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, याहून मोठी लबाडी जगासमोर आली. फोक्सवॅगन कंपनीने आपल्या डिझेल इंजिनांत असे सॉफ्टवेअर घातले होते की चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरता कमी विषारी वायू सोडे आणि रस्त्यावर आली की पुन्हा मोकाट सुटे. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे घडले. पुण्याच्या एआरएआय या चाचणी संस्थेला त्या कंपनीच्या गाड्यांचे भारतातल्या रस्त्यांवरचे उत्सर्जन मानकाच्या १.१ ते २.६ पट आढळले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने या समूहाच्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याचे जाहीर केले. भारतात कोणताही नियम मोडला नाही, असे कंपनीचे म्हणणे राहिले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या वसुलीला स्थगिती दिली.

या प्रकरणात ग्राहकाच्या हाती काय पडले, ते पाहा. अमेरिकेत २०१६ च्या तडजोडीनुसार मालकांना गाडी कंपनीला परत विकण्याचा पर्याय आणि वर नुकसानभरपाई मिळाली. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २५ मे २०२० रोजी मालकाने गाडी परत करून पैसे मागणे योग्य ठरवले. भारतातल्या मालकाला मिळाली फक्त सॉफ्टवेअरची दुरुस्ती. कॅलिफोर्नियातल्या मालकाचे फसणे नुकसान ठरते, तर मलकापूरच्या मालकाचे फसणे नुकसान का ठरत नाही? याचे उत्तर कंपनीकडे मागण्याआधी आपल्या कायद्याकडे मागितले पाहिजे.

कायदा आला, पण अर्धा आला. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सदोष गाड्या सक्तीने परत बोलावण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंडाची तरतूद झाली. त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण या नियमात एक भिंत आहे. सात वर्षांहून जुन्या गाडीला तो लागू नाही. शिवाय वर्षाला दहा हजारांहून अधिक खपणाऱ्या मोटारीच्या बाबतीत सक्तीच्या रिकॉलसाठी १,२५० तक्रारी जमाव्या लागतात. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या हाताने येते. शहरातला पहिला मालक पाच-सात वर्षे वापरून ती विकतो. इथला शिक्षक, छोटा दुकानदार, सोयाबीनचे पैसे हाती आलेला शेतकरी ती घेतो. म्हणजे गाडी आपल्या जिल्ह्यात पोचते तोवर कायद्याचे संरक्षण संपत आलेले असते. टवेराचा घोटाळा आठ वर्षे चालला होता. आजच्या नियमाने त्यातल्या सर्वांत जुन्या गाड्या बाहेरच राहिल्या असत्या. दोष गाडी बनवतानाचा असेल, तर तो सातव्या वाढदिवसाला माफ कसा होतो?

आता इंधनाचा प्रश्न. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सुरू झाले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. इथेनॉलला आमचा विरोध नाही. आपल्या जिल्ह्यात मका पिकतो, राज्यात ऊस पिकतो. शेतमालाला नवे गिऱ्हाईक मिळते आणि कच्च्या तेलासाठी परदेशात जाणारा पैसा वाचतो. कार्बन मोनॉक्साइड या मिश्रणाने कमी होतो, हेही खरे. पण हे इंधन पेलणारे साहित्य नव्या गाड्यांत १ एप्रिल २०२३ पासून आले. त्याआधीच्या गाड्यांचे काय? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिले होते की जुन्या धाटणीच्या चारचाकीचे मायलेज सहा ते सात टक्के घटेल. म्हणजे शंभर लिटरमागे सहा-सात लिटर पेट्रोल मालकाच्या खिशातून जादा जाणार, हे सरकारला चार वर्षे आधी माहीत होते. इथेनॉल जळून मिळणारी उष्णता पेट्रोलच्या जवळपास दोन तृतीयांश आणि पाणी शोषून घेणे हा त्याचा गुणधर्म. जुन्या टाकीतला गाळ ते सोडवते आणि फिल्टर तुंबतो, जुन्या रबरी नळ्या फुगतात किंवा कडक होतात, सील झिरपू लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितले की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात आणि तो खर्च किरकोळ आहे.

किरकोळ आहे, तर तो कंपनीने किंवा सरकारने का भरू नये? पंपावर दुसरा पर्याय न ठेवता ग्राहकाला एकच इंधन घ्यायला लावायचे आणि त्यातून होणाऱ्या झिजेचे बिलही त्यालाच द्यायचे, हा कोणता न्याय? इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे. पण धोरण ठरवणाऱ्यांची जबाबदारी त्याने संपत नाही. ‘माझी गाडी बिघडली’ असे म्हणणाऱ्या हजारो मालकांना अफवा पसरवणारे ठरवणे सोपे आहे. त्यांच्या गाड्या तपासून खरे-खोटे करणे हे सरकारचे काम होते.

मालकाची तक्रार हलकी का समजू नये, याचे कारण तांत्रिक आहे. धूर इंजिनाच्या पोटातले सांगतो. निळसर धूर म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजून ऑइल जळते आहे. दाट पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे हेड गॅस्केटमधून कूलंट आत शिरते आहे. डिझेल गाडीचा काळा धूर म्हणजे इंधन जादा आणि हवा कमी; एअर फिल्टर, नोझल, टर्बो किंवा कार्बनने तुंबलेला ईजीआर व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी बिघडले आहे. सायलेन्सरच्या पाइपाला भेग पडून धूर खालून गाडीत शिरत असेल, तर मामला जिवावरचा आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. मागच्या सीटवर पेंगणारी मुले प्रवासाने थकली आहेत असे समजून आई-बाप निर्धास्त राहतात. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच जाहीर केले आहे.

आणि या सगळ्यावर आपला उपाय काय, तर पीयूसीचा कागद! पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेल गाडीत धुराची घनता, मुख्यतः एवढेच या चाचणीत मोजतात. फोक्सवॅगनच्या लबाडीच्या मुळाशी असलेले नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत. जे मोजायचे तेही खरोखर मोजले जाते का? देशाच्या महालेखापरीक्षकांनी दिल्लीतल्या पीयूसी केंद्रांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अहवाल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत आला. मर्यादेबाहेर धूर सोडणाऱ्या १ लाख ८ हजार गाड्यांना प्रमाणपत्र मिळाले होते. ७६,८६५ प्रकरणांत तपासणी आणि प्रमाणपत्र दोन्ही एका मिनिटात उरकले होते. ७,६४३ वेळा एकाच केंद्रावर एकाच क्षणी एकाहून अधिक गाड्या तपासल्याची नोंद होती. संसदेच्या सावलीत हे चालत असेल, तर घाटाखालच्या आणि घाटावरच्या गावांत काय चालत असेल हे तपासायला कोणी यायचे? गाडीचा फोटो पाठवला की कागद हाती येतो, ही गोष्ट महाराष्ट्रात कोणापासूनही लपलेली नाही.

गाडी पंधरा वर्षांची झाली की सरकारला तिची आठवण येते, ती पैशांसाठी. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीला ते दहा हजार झाले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. पर्यावरणाच्या नावाने एमएच २८ च्या मालकाने भरलेल्या या पैशातून त्याच्या गाडीचा धूर कमी व्हावा म्हणून या जिल्ह्यात काय उभे राहिले, हे उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाने जनतेला सांगावे. कर घेताना पर्यावरण आठवते, तर खर्च करतानाही आठवले पाहिजे.

‘एवढा त्रास आहे तर गाडी मोडीत काढा’ असे सुखवस्तू लोक सांगतात. ज्यांना दर पाच वर्षांनी नवी गाडी परवडते त्यांचा हा सल्ला आहे. शेवटची एसटी निघून गेलेल्या गावात रात्री बाळंतीण अडली, तर दारातली जुनी गाडीच धावते. वयावरून गाडीला दोषी ठरवणे अशास्त्रीयही आहे. नीट राखलेली पंधरा वर्षांची गाडी हयगय झालेल्या सहा वर्षांच्या गाडीपेक्षा स्वच्छ असू शकते. मोजायचा तो धूर मोजा. जन्मतारीख मोजू नका.

सरकार आणि कंपन्यांना बोलताना आपल्याच लोकांना आम्ही सोडणार नाही. पीयूसीचा खोटा कागद विकणारा गुन्हेगार आहे, तसाच तो विकत घेणाराही. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून आतल्या प्लॅटिनम-पॅलेडियमसाठी तो भंगारात विकणारा गॅरेजवाला आणि ‘पिकअप वाढतो’ म्हणून त्याला होकार देणारा मालक, दोघेही आपल्याच गल्लीत विष सोडतात. इंजिनचा दिवा पेटला म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणे, ऑइलची तारीख पुढे ढकलत राहणे, गाडी विकताना घट्ट ऑइल टाकून धूर दाबणे आणि पुढच्याला फसवणे, ही आपली पापे आहेत. ज्याचे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत, त्याला कंपनीच्या लबाडीवर बोट ठेवता येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. धूर आणि सुरक्षेच्या दोषांसाठी रिकॉलच्या नियमातली सात वर्षांची मर्यादा रद्द करा. उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडीच्या दोषांची तक्रार मराठीतून लिहून घेणारी खिडकी उघडा, पोच द्या आणि मॉडेलनिहाय तक्रारी दर तीन महिन्यांनी जाहीर करा. मग १,२५० चा आकडा जमतो की नाही ते देश पाहील. पीयूसी केंद्रांची अचानक फेरतपासणी करा आणि खोटा कागद देणाऱ्याचा परवाना कायमचा काढा. गाडी नापास झाली तर ती का नापास झाली हे मराठीत लिहून द्या आणि दुरुस्तीनंतर फेरचाचणी मोफत करा. पर्यावरण कराच्या पैशातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मोटार मेकॅनिक विभागांत गॅस अ‍ॅनलायझर, स्मोक मीटर आणि स्कॅनर द्या. तिथे विद्यार्थ्यांना काम शिकता येईल आणि मालकाला रास्त दरात खरे निदान मिळेल. पंपावर इथेनॉलचे प्रमाण ठळक मराठीत लिहा, आणि २०२३ पूर्वीच्या प्रत्येक मॉडेलसाठी कोणते रबरी भाग बदलायचे याची यादी कंपन्यांनी लेखी द्यावी व ते भाग स्वखर्चाने बदलून द्यावेत.

गाडीमालकांनो, सरकार जागे होईपर्यंत थांबू नका. प्रत्येक दुरुस्तीचे पक्के बिल घ्या. किलोमीटर, तारीख, धुराचा रंग, भरलेले इंधन यांची वही ठेवा. तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या आणि पोच घ्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ती नोंदवा. बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागावी लागते. एकाच मॉडेलच्या दहा मालकांनी मिळून दहा वह्या आयोगापुढे ठेवल्या, तर ‘तुम्हीच गाडी नीट वापरत नाही’ हे उत्तर टिकणार नाही. टवेराच्या वेळी आपण आठ वर्षे तोंडी बोललो आणि हरलो. आता लिहा, सह्या करा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.